हटवार काकाजींचा उलटा हात

हटवार काकाजी कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा सरळ हात लावत नसत. आमचं लोखंडी फाटक असो, बाजारातलं वांगं असो, स्टीलचा डबा असो की आईचं तापलेलं कपाळ, आधी उजव्या हाताची पाठ हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग हात उलटवून काय धरायचं ते धरायचं. आम्ही साकोलीत राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी ते शेजारधर्म म्हणून चौकशीला आले आणि फाटक त्यांनी असंच उघडलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला आमच्या फाटकाची किळस आली. सामान उचलून उचलून माझी कंबर आधीच मोडली होती. मनात म्हटलं, शेजारही असाच मिळायचा होता.

नंतर कळलं, की तीसेक वर्षं ते विजेच्या खांबांवर चढले होते. लाइनमन. "सरळ हात लावला अन् करंट असला, तं मूठ वायरवरच वळते," ते सांगायचे. "मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. उलटा हात लावला तं मूठ आपल्याकडं वळते. हात वाचते, अन् हातामागचा माणूसबी वाचते." पण सवय नोकरीच्याही आधीची होती. त्यांचं घराणं मोहाडीकडचं, कोष्ट्यांचं, घरात हातमाग. खळ दिलेलं सूत वाळलं की नाही हे त्यांचे वडील हाताच्या पाठीनं बघायचे, कारण तळहाताला घाम असतो, घट्टे असतात, त्याला ओलं-सुकं नीट कळत नाही. काकाजींचं त्यावर एक ठरलेलं बोलणं होतं. "सरळ हात आपल्याले पाह्यजे थे सांगते. उलटा हात हाय थे सांगते."

त्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे. करडीला ड्यूटीवर असताना डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज कानाशेजारी फुटला, तेव्हा डावा कान गेला. उजवा हळूहळू गेला. "एक कान करडीले ठेवून आलो, दुसरा पेन्शनीच्या कागदाबरोबर जमा केला," असं ते हसत म्हणायचे. मुलीनं ऐकण्याचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात पडून असायचं. "त्याच्यात भांडे ऐकू येतेत, माणसं नाही येत." लोक त्यांच्याशी ओरडून बोलत, याचा मात्र त्यांना मनापासून राग होता. "वरडू नको वो, तोंड दाखव," म्हणायचे. समोर चेहरा करून सावकाश बोललं की त्यांना सगळं समजत असे. राहायचे एकटेच. काकू वारल्या होत्या, एकुलती मुलगी कारध्याला दिलेली. दारावरच्या घंटीचं बटण त्यांनी आतल्या एका लाल बल्बला जोडलं होतं. बटण दाबलं की खोलीत बल्ब लागायचा आणि काकाजी चपला सरकवत बाहेर यायचे.

माझी गत याच्या नेमकी उलटी. माझं पोट कानांवर चालतं. बाबा गेल्यावर भंडाऱ्याचं घर सोडून मी आणि आई साकोलीला आलो, कारण मावशी इथं होती, आणि माझ्या कामाला कुठलंही गाव चालण्यासारखं होतं. पुण्याच्या एका ऑफिसातून मला ध्वनिमुद्रणं येतात. मुलाखती, बैठका, गावोगावच्या लोकांची बोलणी. हेडफोन लावून ती ऐकायची आणि जशीच्या तशी टाइप करायची. दिवसाचे आठ-नऊ तास. संध्याकाळी हेडफोन काढला तरी ती अनोळखी माणसं कानात बोलत राहतात आणि घरातलं माणूस काही बोललं की अंगावर आल्यासारखं होतं. आईनं "चहा मांडू का?" एवढं विचारलं तरी मी वसकन ओरडायची. थकवा हा शब्द मी दिवसातून अनेकदा टाइप करते, स्वतःबद्दल कोणाला सांगायची वेळ येत नाही.

त्यात ती भुणभुण सुरू झाली. मावसभावानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला होता. चांगला पत्र्याच्या अंगाचा, पण बॅटरी इतकी म्हातारी, की चार्जर काढला तर वीस मिनिटांत डोळे मिटायचा. त्यामुळे चार्जर कायम लावलेला. आणि हेडफोनची पिन जिथं घालतात तिथून, कोणी बोलत असो वा नसो, एक अखंड भुणभुण. मोठी नाही. मोठी असती तर बरं झालं असतं, निदान कोणाला ऐकवता आली असती. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की ती पुढं यायची, तो बोलू लागला की त्याच्या शब्दांखाली जाऊन बसायची.

मी काय काय केलं नाही? नवा हेडफोन आणला. काडीला कापूस लावून भोक साफ केलं. रात्रंदिवस सल्ले देणारे व्हिडिओ पाहून आतला आवाजाचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. शेवटी हायवेवरच्या एका दुकानात लॅपटॉप नेला. तिथं त्यानं त्याचा चार्जर लावला, त्याचा हेडफोन लावला, आणि लॅपटॉप मुकाट. डॉक्टरच्या दारात खोकला थांबावा तसा. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, "ताई, मशीन बरोबर हाय. एकदा कान दाखवून घेता का?" मी खरंच भंडाऱ्याला जाऊन कान दाखवून आले. कानही बरोबर निघाले. घरी येऊन पिन घातली, भुणभुण जागेवर.

हसण्यावारी नेण्याची सोय राहिली नव्हती. तलावात मासेमारी करणाऱ्या एका ढिवर आजोबांची मुलाखत मी टाइप केली होती. ऑफिसातल्या मॅडमनी ती लाल खुणा करून परत पाठवली. आजोबा म्हणाले होते, 'तलावात मासे कमी झाले.' मी लिहिलं होतं, 'तणावात मासे कमी झाले.' आणि हे एकदा नव्हे, चार पानांत सात वेळा. एका महिन्यात परत आलेली ती दुसरी फाइल होती. मॅडमनी खाली लिहिलं होतं, की तिसरी परत आली तर तुमचं काम थांबवावं लागेल. त्यावर आमचं दोघींचं घर चालत होतं. त्या दिवशी मीही माशांसारखीच तणावात होते.

मार्च सरत आला होता. कूलर बाहेर निघाले होते. आई कधीमधी काकाजींना डबा पाठवायची. त्या दुपारी कढीगोळ्यांचा रिकामा डबा परत द्यायला ते आले, तेव्हा मी कपाळ धरून लॅपटॉपपुढे बसले होते.

"काय झालं वो?"

मी हेडफोन काढला, चेहरा समोर केला. "आवाज येतो, काकाजी. भुणभुण. दोन महिने झाले."

"कोनाचा आवाज?"

"कोणाचाच नाही. नुसता."

बहिऱ्या माणसाजवळ आपण आवाजाचं रडगाणं गातो आहोत, या विचारानं मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण त्यांनी डबा खाली ठेवला आणि उजव्या हाताची पाठ लॅपटॉपच्या झाकणावरून अलगद फिरवली. मध्येच थांबले. पुन्हा फिरवली. मग मला म्हणाले, "लाव थे कानाले." मी हेडफोन लावला. त्यांनी चार्जरची वायर ओढून काढली, हात फिरवला. "आता भनभन बंद." खरंच बंद. वायर पुन्हा लावली, हात फिरवला. "आता चालू." चालू. तीनदा, चारदा केलं. ज्या माणसाला ट्रकचा हॉर्न ऐकू येत नव्हता, तो माझ्या हेडफोनमधला आवाज कधी येतो आणि कधी जातो हे मला सांगत होता, आणि एकदाही चुकत नव्हता.

"तू फिरव. सरळ नाही, उलटा हात. दाबू नको."

मी फिरवला. रोज हाताखाली असणारा तो गुळगुळीत पत्रा खरखरीत लागला. मुंग्या चालल्यासारखा.

"झिनझिन लागते ना? तुह्या कानाले भनभन, माह्या हाताले झिनझिन. हाय एकच." मग त्यांनी चार्जरचा प्लग भिंतीतून काढला, उलटासुलटा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा तं तीन पायाचा होता. लंगडा कोनं केला?"

"मी."

"काहून?"

"आमच्या बोर्डात जात नव्हता. दोनच भोकं होती. म्हणून पकडीनं तोडला."

खरं तर मावसभावानंच फोनवर सांगितलं होतं, की तो तिसरा पाय उगाच असतो, तोडून टाक. पण काकाजी ज्या नजरेनं बघत होते, त्यापुढे मावसभावाचं नाव घेणं मला जमलं नाही.

"उगीच नसते थो," ते म्हणाले. "दोन पाय कामाचे असतेत, थो वाचवनारा असते. जे करंट मशीनच्या अंगावर उतरते, त्याले जमिनीत जाले थो रस्ता देते. तू रस्ताच तोडला. मंग थे कुठं जाईन? तुह्या कानात फिरून राह्यलं."

मी म्हटलं, बरं, उद्या नवा प्लग आणते. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. रोग कळला, औषध स्वस्त होतं, आणि मला फाइल पूर्ण करायची होती. पण काकाजी खिशातला टेस्टर काढून भिंतीतल्या प्लगांकडे वळले होते. एकेक पाटी उघडत गेले. भाड्याच्या त्या घरात तीन भोकांचे प्लग दोन-तीनच होते, आणि त्यांचंही तिसरं भोक नुसतं तोंडदेखलं होतं. मागे वायरच नव्हती. अख्ख्या घराला अर्थिंग नव्हतं.

इतक्यात त्यांचं लक्ष मागच्या खोलीकडे गेलं. आई कूलरमध्ये पाणी भरत होती. कूलर चालू. पाय अनवाणी. फरशीवर सांडलेल्या पाण्याचं थारोळं. आणि बादली कलती करताना आधाराला तिनं दुसरा हात कूलरच्या पत्र्याकडे नेला होता.

"वहिनी, थांबा!"

ओरडण्याचा इतका राग असणारा तो माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडला, की आईच्या हातातून बादली सुटली. त्यांनी झडप घालून बटण बंद केलं. आईला कोरड्या जागी, पलंगावर बसवलं. मग मला बटण लावायला सांगितलं आणि स्वतः चपला घालून कूलरला हाताची पाठ टेकवली. हात उडून त्यांच्याच छातीवर आला. मी घाईनं बटण बंद केलं.

विदर्भात राहणाऱ्याला कूलर म्हणजे काय हे सांगायला नको. दर उन्हाळ्यात कुठल्या तरी गावातून कुणी तरी कूलरला चिकटल्याची बातमी येतेच. आपण ती वाचतो, हळहळतो आणि उठून कूलरमध्ये पाणी भरतो. मी दोन महिने एका भुणभुणीसाठी जिवाचा आटापिटा करत होते, आणि आई त्या आठवड्यात रोज दोन वेळा बादली घेऊन कूलरपाशी जात होती.

"तुह्या लॅपटॉपनं सांगितलं म्हून कळलं," काकाजी शेवटी म्हणाले. "थे भनभन नाही वो. थे हाक हाय."

घरमालक नागपूरला. त्यांना फोन लावला, तर म्हणाले, इतकी वर्षं भाडेकरू राहिले, कोणाला काही झालं नाही, तुम्हालाच कसं होईल? माझ्या चेहऱ्यावरूनच काकाजींना उत्तर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सब्बल आणि फावडं घेऊन अंगणात हजर. नको नको म्हणत असताना मागच्या भिंतीशी अर्थिंगचा खड्डा खणायला लागले. वय सत्तरीच्या पुढचं. अडीच फुटांवर दगड लागला. दोन दिवस त्या दगडाशी झगडले आणि मग हार मानली. किराण्याच्या दुकानातून मी गोणीभर जाडं मीठ आणलं, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "एवढं लोणचं घालता का बाई?" लाकडी कोळसा त्यांनी कुठून तरी आणला. आणि खड्ड्याच्या तळाला घालायला त्यांनी घरून तांब्याचा एक गोल पत्रा आणला, हिरवा पडलेला, कडेला ठोकून सरळ केलेला. त्यांच्या वडिलांच्या सूत रंगवायच्या भांड्याचं ते बूड होतं. मी म्हटलं, अहो, आठवण असेल ती. "आठवन ठेवून ठेवून काळीच पडते. आता कामाले लागन," ते म्हणाले आणि त्यावर ओल धरून ठेवणारं कोळसा-मीठ टाकलं.

त्यातून एक लोखंडी पाइप वर काढला, त्याला हिरवी वायर बांधून ती खिडकीतून माझ्या टेबलापर्यंत आणि मागं कूलरपर्यंत नेली. चार्जरला तीन पायांचा नवा प्लग. मग त्यांनी मला हेडफोन लावायला लावला.

कानात काहीच नव्हतं. मी तशीच ऐकत बसले. त्या शांततेत मला डोळे मिटून झोपावंसं वाटलं.

"गेली?"

"गेली."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता, तरी झाकणावर एकदा हाताची पाठ फिरवलीच.

खड्डा उथळ राहिल्याची रुखरुख मात्र त्यांना लागली. "दगडानं घात केला. हे अर्थिंग खोल नाही, उन्हाळ्यात सुकते. याले रोज पानी पाजा लागते. पावसाळ्यात सुट्टी." रोजचं पाणी त्यांनी माझ्यावर सोपवलं नाही. कदाचित मला ओळखून असतील. होळी झाली की पहिला पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी ते अंघोळ करून आमच्या मागच्या अंगणात यायचे, पाइपाच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचे, पाइपला हाताची पाठ टेकवायचे आणि त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसायचे.

आईनं हे स्वयंपाकघरातून पाहिलं. अंघोळ केलेला माणूस, पूर्वेकडे तोंड, पाणी घालतो, हात टेकवतो, तोच हात कपाळाला लावतो. तिनं आपल्यापरीनं अर्थ लावला. आठवड्याभरात त्या लोखंडी पाइपला हळद-कुंकू लागलं आणि रोज एक जास्वंदीचं फूल चढू लागलं. मी डोक्याला हात लावला. आईला समजावू लागले, तर काकाजींनी मला खुणेनं गप्प केलं. "राहू दे. त्या निमित्तानं कोनी पाइप तं नाही उपटनार." आईनंही वाटणी करून घेतली होती. पाणी भाऊजींचं, फूल तिचं. त्यांच्या पाण्यात तिनं कधी हात घातला नाही.

पाणी घालून झालं की ते पाच मिनिटं माझ्या खोलीच्या दारात स्टुलावर बसायचे. चहा यायचा. त्यांना बोलायचं असायचं. कुठल्या गावात कोणत्या साली वादळानं किती खांब पाडले, नागझिऱ्याच्या बाजूला अंधारात लाइन शोधताना काय दिसलं, कारध्याची मुलगी कशी चिडकी आहे. मी हेडफोन एका कानावरून सरकवायची आणि पडद्याकडे बघत हं, हं करायची. ज्या माणसाला माणसाचं तोंड दिसल्याशिवाय बोलणं पोचत नाही, त्याला मी रोज माझा कान आणि अर्धा गाल दाखवत होते. ते रागावले नाहीत. एकदा फक्त उठता उठता म्हणाले, "तू ऐकते लय. पाहत नाही." मला वाटलं, डोळे तपासायला सांगतात.

दोन उन्हाळे असे गेले. फाइली परत येणं थांबलं, मॅडमचा सूर बदलला, काम वाढलं. तिसरा उन्हाळा मागच्या वर्षीचा. मे महिना. कामाचा ढीग होता आणि मी सकाळी सहालाच हेडफोन चढवत होते. एका सकाळी आई दारात येऊन काही म्हणाली. मी हं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, मी पुन्हा हं म्हटलं. ती काय म्हणाली हे मला नंतर तिनंच सांगितलं. पहिल्या दिवशी म्हणाली होती, "भाऊजी दिसले नाही वो आज." दुसऱ्या दिवशी, "कालचं फूल तसंच वाळून राह्यलं, पानी नाही पडलं. पाहून ये ना जरा." माझं हं ऐकून मी जाऊन आले असेन, आणि भाऊजी मुलीकडे गेले असतील, असं तिला वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी भुणभुण आली.

माझं डोकं उठलं. झालं, परत सुरू. मी हेडफोन बदलला. काडीला कापूस गुंडाळला. पिन काढली, घातली. प्रोग्रॅम काढून पुन्हा घालायची तयारी केली. दोन वर्षांत काही शिकल्याचा मागमूस नव्हता. अर्धा तास गेला. मग चार्जर नीट बसवताना हाताची पाठ झाकणाला लागली. खरखर. मुंग्या.

मी मागच्या अंगणात गेले. पाइपाभोवतीची माती पांढरी होऊन भेगाळली होती. कुंकवावर सुकलेलं फूल चिकटलेलं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पाणी नाही, म्हणजे काकाजी आलेले नाहीत. आणि ते न येण्यातले नव्हते.

मी तशीच पळत गेले. दाराला आतून कडी. बटण दाबलं. खिडकीच्या फटीतून आतला लाल बल्ब लागलेला दिसला. कोणी आलं नाही. सोडलं, पुन्हा दाबलं. हाक मारून उपयोग नव्हता, दार बडवून उपयोग नव्हता. भर दुपारच्या उन्हात मी तो बल्ब लावत होते, विझवत होते, आणि चपलांची चाहूल लागत नव्हती. शेवटी समोरच्या सायकल दुकानातल्या माणसाला बोलावून कडी तोडली.

पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. ऊन लागलं होतं. तापानं अंगातलं सगळं त्राण गेलं होतं, आदल्या रात्री पलंगावरून उठायला गेले ते पडले, मग उठताच आलं नाही. हाताच्या अंतरावर पाण्याची एक बाटली रिकामी. मी खाली बसले आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. लावल्यावर लक्षात आलं, मी हाताची पाठ लावली होती.

त्यांनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ फुटलेले, आवाज निघेना. मी पाणी पाजलं. दोन घोट गेल्यावर म्हणाले, "भनभन आली?"

मी चेहरा समोर धरला, सावकाश म्हटलं, "आली, काकाजी."

"मंग बरोबर," ते म्हणाले. "सांगते थे."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पाच दिवस तापात एकट्यानं काढलेल्या माणसाला आपलं अर्थिंग बरोबर चालतं याचं समाधान. मला तिथं रडू फुटलं आणि त्यांना कळू नये म्हणून मी मान वळवली, तर मनगट धरून म्हणाले, "तोंड दाखव."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगी कारध्याहून धावत आली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर ताण आला आहे, दोन-तीन दिवस आधी आणायला हवं होतं. ते वाक्य साधं होतं, कोणाला उद्देशून नव्हतं. पण मी दिवस मोजले. आई पहिल्यांदा दारात आली होती तो दिवस त्याच्याही आधीचा होता.

नंतर मुलीनं त्यांना कारध्याला नेलं. मी एकदा भेटून आले. हेडफोन घरी, काम बंद, पूर्ण दुपार त्यांच्यासमोर बसले. वैनगंगेकडून येणारा वारा खिडकीतून आत येत होता आणि ते खांबांच्या गोष्टी सांगत होते. त्या सगळ्या मी आधीही ऐकल्या होत्या, पण सांगताना ते हातांनी खांब कसा धरून दाखवतात हे मला माहीत नव्हतं. निघताना म्हणाले, "पानी घालून राहिली ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले. पाऊस अजून आला नव्हता.

आता पाणी मी घालते. आई दारात येऊन काही म्हणाली की आधी हेडफोन काढते, खुर्ची वळवते आणि तिला तोंड दाखवते. सुरुवातीला ती बावचळायची, आता सवय झाली आहे. दिवसभर कानात लोक बोलतात, अगदी स्वच्छ, मधल्या जागा कोऱ्या. पूर्वी त्या शांततेत झोपावंसं वाटायचं. आता एखाद्या दिवशी ती सहन होत नाही. मग मनात येतं, आज पाणी नको घालू, येऊ दे ती भुणभुण. पण कूलर आहे, आई आहे. मी उठून बादली भरते.

पाणी ओतते, पाइपला हाताची पाठ टेकवते आणि कपाळावरचा घाम पुसते. परवा आई फूल घेऊन मागे उभी होती. माझ्याकडे बघून तिला बरं वाटलेलं दिसलं. म्हणाली, "तूबी नमस्कार कराले लागली म्हणा."

मी तिच्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "हो."